खाइरिल अन्वरचं एवढं नाव का? दंतकथा बाजूला ठेवून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंडोनेशियाच्या आधुनिक कवितेबद्दल काहीही वाचायला घेतलं की पहिलं नाव खाइरिल अन्वरचं येतं, माणूस सव्वीसाव्या वर्षी गेला, कविता जेमतेम सत्तर, त्यातल्याही काही परदेशी कवींवरून उचललेल्या निघाल्या, मग एवढं नाव कशाच्या जोरावर? आणि मराठी वाचकाने वाचायला घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

मी बरीच वर्षं बहासा इंडोनेशिया शिकवते, जमेल तसं मराठीत भाषांतरही करते, आणि हा प्रश्न वर्गात दरवेळी कुणीतरी विचारतंच. म्हणून आधी माझं मत सांगून टाकते, पटलं तर पुढचं वाचा. खाइरिलचं नाव झालं ते त्याच्या जगण्यामुळे, म्हणजे फाटका, उधार मागणारा, पोरींच्या मागे असणारा, पुस्तकं चोरणारा आणि ऐन तारुण्यात मेलेला वगैरे. पण त्याचा प्रभाव टिकलाय तो यातल्या कशामुळेच नाही, तो टिकलाय त्याच्या कारागिरीमुळे, एकेक शब्द घासून लहान करत नेण्याच्या कामामुळे, आणि हे काम त्याने ज्या वर्षांत केलं त्या वर्षांमुळे. बंडखोर कवी जगात पैशाला पासरी मिळतात हो, त्यात काय.

(नाव चैरिल नाही, खाइरिल. जुन्या डच वळणाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला सी-एच दिसतं म्हणून आपल्याकडे चैरिल लिहितात. इंडोनेशियात तसं बोललात तर लोकांना कळतच नाही कुणाबद्दल चाललंय.)

आता ती वर्षं कसली ते बघा, कारण त्याशिवाय बाकीचं नीट समजत नाही. २८ ऑक्टोबर १९२८ ला बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेत शपथ घेतली गेली की देश एक, राष्ट्र एक आणि भाषा इंडोनेशियन. ही भाषा म्हणजे मलय, बंदरातली, बाजारातली, बेटाबेटांमधल्या व्यापाराची. जावामध्ये लोक घरी जावानीज बोलायचे, पश्चिमेला सुंदानीज, सुमात्रात मिनांग, बाताक आणि अजून कितीतरी. शिकलेला वर्ग वाचायचा आणि भांडायचा डचमध्ये. म्हणजे शपथ झाली पण त्या भाषेत आधुनिक माणसाने आतलं काही बोलायचं कसं याची सवय फार थोड्यांना होती. १९३३ मध्ये 'पुजांगा बारू' नावाचं मासिक निघालं, सुतान तकदीर अलिशाबाना, अमीर हमझा वगैरे मंडळी त्यात होती, त्यांनी बरंच केलं, अमीर हमझा तर माझ्या मते फार मोठा कवी. पण त्या सगळ्या कवितेला अजून दरबारी मलयचा सुवास होता, पांतुन आणि स्याइर या जुन्या छंदांची लय होती, आणि डच रोमँटिक कवींकडून घेतलेली सॉनेटं होती. ऐकायला गोड, अगदी गोड.

मग मार्च १९४२ मध्ये जपानी आले आणि त्यांनी डच भाषेवर सरळ बंदी घातली. शाळा, ऑफिसं, वर्तमानपत्रं सगळं इंडोनेशियनमध्ये आणावं लागलं कारण जपानी कुणालाच येत नव्हती. काल जी भाषा शपथेत होती ती आज फॉर्मवर, रेडिओवर आणि पोस्टरवर आली. खाइरिलची हाती असलेली पहिली कविता ऑक्टोबर १९४२ ची आहे, 'निसान', आजी गेली त्यावर लिहिलेली चार ओळींची. म्हणजे भाषा रस्त्यावर उतरली आणि हा पोरगा लिहायला लागला, दोन्ही एकाच वर्षी. याला नशीब म्हणा पण त्या वेळी जकार्तात हातात पेन असलेला तो एकटाच नव्हता ना.

जन्म २६ जुलै १९२२, मेदान, उत्तर सुमात्रा. घराणं मूळचं पश्चिम सुमात्रातल्या पायाकुंबुह भागातलं, मिनांगकाबाउ. वडील तुलुस सरकारी नोकरीत, आई सालेहा. डच माध्यमाच्या शाळेत घातला, पुढच्या शाळेत गेला पण ती पूर्ण केली नाही. आईवडील वेगळे झाले, आईबरोबर विशीच्या आगेमागे जकार्ताला आला. तिथे नात्यातलेच सुतान शहरीर, जे पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांच्या घरी जाणंयेणं. शाळा सुटलेला असला तरी डच, इंग्रजी, जर्मन वाचायचा आणि अधाशासारखा वाचायचा: रिल्के, ऑडन, डच कवी मार्समान आणि स्लाउअरहोफ. पुस्तक विकत घ्यायला पैसे नसायचे. त्याचा मित्र असरुल सानी एक किस्सा सांगायचा की दोघं मिळून एका पुस्तकाच्या दुकानात नीत्शेचं 'झरतुष्ट्र' ढापायला गेले, ते धार्मिक पुस्तकांच्या फळीवर ठेवलेलं, असरुलने विक्रेत्याचं लक्ष दुसरीकडे वेधलं, खाइरिलने पुस्तक उचललं आणि बाहेर येऊन बघतात तर हातात बायबल. किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झालाय पण मला आवडतो, कारण चोरीपेक्षा त्यात हे दिसतं की विशीतल्या त्या पोराला नक्की कुठलं पुस्तक हवं होतं ते ठाऊक होतं.

१९४३ मध्ये तो 'पांजी पुस्ताका' नियतकालिकाच्या ऑफिसात कविता घेऊन गेला. तिथे एच. बी. यास्सिन होते, पुढे इंडोनेशियन साहित्याचे सगळ्यात मोठे समीक्षक आणि कागदपत्रं जपणारे माणूस. यास्सिननी त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: बारीक, फिकट, अंगावर लक्ष नसलेला, डोळे लाल आणि जरा रानटी पण सतत विचारात असल्यासारखे. कविता काही छापल्या गेल्या नाहीत, फार व्यक्तिवादी आहेत, 'महान पूर्व आशिया'च्या, म्हणजे जपानच्या युद्धप्रचाराच्या, उत्साहात बसत नाहीत असं ठरलं. जपानी राजवटीत सगळं सेन्सॉरमधून जायचं, 'मी' 'मी' करणारी कविता त्यांना नकोच होती. १९४३ च्या मार्चमध्ये त्याने जी कविता लिहिली तिचं नावच 'आकु', म्हणजे 'मी'. ती छापून आली तेव्हा शीर्षक बदलून 'समांगात' केलं, उत्साह-जोम अशा अर्थाचं, म्हणजे सेन्सॉरला वाटावं की युद्धासाठी जोश देणारी आहे.

ही तीच कविता जी इंडोनेशियातल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. 'आकु इनी बिनातांग जालांग, दारी कुंपुलान्न्या तर्बुआंग', मी मोकाट जनावर, कळपातून हाकललेलं. गोळी कातडीतून आरपार गेली तरी मी चवताळून धावत सुटणार, जखम आणि विष घेऊन पळत राहणार, आणि शेवटी ती ओळ की मला अजून हजार वर्षं जगायचंय. आता ही कविता मोठी आहे का? माझं प्रामाणिक मत, चांगली आहे पण त्याची सर्वोत्तम नाही. तरीही ती त्या वेळी काय करत होती ते समजून घ्यायला हवं. आधीच्या कवितेतला मी हा नम्र, उसासे टाकणारा, देवाला किंवा प्रेयसीला शरण गेलेला. इथे तो शिंगं रोखून उभा आहे, वाक्यं दोन-तीन शब्दांची, एका कडव्यात तर एकच ओळ. जे गाऊन म्हणायचं ते आता ओरडून म्हणता येऊ लागलं. जपान्यांनी पकडलेला, भात मिळेनासा झालेला, मजुरीला ओढून नेला जाणारा देश, त्यात ही कविता मैफलीत वाचली गेली. लोकांना ती एकट्या माणसाची वाटलीच नाही, सगळ्यांची वाटली. व्यक्तिवादी म्हणून परत पाठवलेली कविता राष्ट्राची होऊन बसली, गंमतच आहे.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत असतं आणि इथेच सगळे थांबतात. माझी तक्रार तिथे आहे.

कारण याच माणसाने यास्सिनना पत्रात काय लिहिलं होतं? की माझ्या गद्यात आणि पद्यातही मी प्रत्येक शब्द खोल खणून, उकरून काढणार, अगदी गाभ्याच्या शब्दापर्यंत, गाभ्याच्या प्रतिमेपर्यंत. गंमत म्हणजे 'गाभ्याचा शब्द' हे त्याने तिथे डचमध्येच लिहिलंय. आता हे वाक्य मोकाट जनावराचं वाटतं का तुम्हाला? हे सुताराचं बोलणं आहे. त्याच्या एकाच कवितेची दोन-दोन रूपं छापलेली मिळतात, 'आकु'सकट, कुठे एखादा शब्द बदललेला, कुठे ओळ तोडलेली, कुठे विरामचिन्ह काढलेलं, म्हणजे छापून झाल्यावरही तो कवितेला हात लावत होता. साडेसहा वर्षांत सत्तरेक कविता म्हणजे उधळ्या माणसाचं नव्हे, कंजूष माणसाचं काम. मी विद्यार्थ्यांना दोन रूपं शेजारी ठेवून वाचायला लावते, त्यातून जितकं शिकता येतं तितकं त्याच्या दहा चरित्रांतून नाही शिकता येत.

दुसरी गोष्ट बोलीची. जकार्ताच्या रस्त्यावरची बोली त्याने कवितेत आणली पण बोलीचा देखावा नाही केला. १९४५ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना एक पोस्टर हवं होतं, चित्रकार अफांडीने ते काढलं, मॉडेल म्हणून चित्रकार दुल्लाह उभा राहिला, साखळी तोडणारा माणूस, हातात झेंडा. त्याखाली काय लिहायचं? तेवढ्यात खाइरिल आला आणि म्हणाला लिहा, 'बुंग, आयो बुंग!', म्हणजे चल भावा, चल. असं सांगतात की ही हाक जकार्तातल्या वेश्या गिऱ्हाइकाला मारायच्या. ती क्रांतीच्या पोस्टरवर गेली आणि देशभर लागली. माणसाचा कान कसा होता बघा, वाक्य कुठून आलंय याची त्याला लाज नव्हती, ते ऐकणाऱ्याला हलवतं की नाही एवढंच तो बघत होता.

आता चोरीच्या आरोपाबद्दल, कारण प्रश्नात तो आहे आणि टाळण्यात अर्थ नाही. आरोप खरा आहे, पण एकाच मापाचा नाही. १९४८ ची 'क्रावांग-बकासी' ही त्याची दुसरी सगळ्यात गाजलेली कविता, जकार्ताच्या पूर्वेच्या त्या पट्ट्यात मेलेले तरुण सैनिक बोलतायत, आम्ही इथे आडवे पडलोय, आता आम्हाला 'स्वातंत्र्य' ओरडता येत नाही, आमची विखुरलेली हाडं तुमची आहेत, त्यांची किंमत काय ते तुम्ही ठरवा. ही अमेरिकन कवी आर्चिबाल्ड मॅक्लिशच्या मेलेल्या तरुण सैनिकांवरच्या कवितेवरून घेतलेली आहे, कल्पना तीच, मेलेल्यांनी जिवंतांना सांगणं तेच, काही ओळी तर जवळजवळ त्याच. 'कपादा पमिन्ता-मिन्ता', भिकाऱ्याला उद्देशून, ही फ्लेमिश लेखक विलेम एल्सखोटच्या कवितेवरून. 'दातांग दारा, हिलांग दारा' चिनी कवी श्यू च्झमोवरून. मूळ नाव न देता छापल्या. त्याच्या मृत्यूनंतर यावर भरपूर गदारोळ झाला आणि यास्सिननी १९५६ च्या आपल्या पुस्तकात मूळ कविता आणि त्याच्या कविता शेजारी ठेवून सगळं मांडलं. मला यास्सिनबद्दल याच कारणाने फार आदर आहे, ज्याला आपणच मोठं केलं त्याच्याच विरुद्धचा पुरावाही ते स्वतःच छापतात आणि तरीही त्याला '४५ च्या पिढीचा, म्हणजे स्वातंत्र्याच्या काळातल्या लेखकांच्या पिढीचा, प्रवर्तक म्हणतात.

नाव न देणं चूक होतं, मी त्याची बाजू घेणार नाही. पैशाची कायमची चणचण, आजारपण हे सगळं असलं तरी. पण कविता म्हणून बघायचं तर 'क्रावांग-बकासी' आणि 'भिकाऱ्याला' या दोघींत फरक आहे. भिकाऱ्याची कविता उत्तम रूपांतर आहे, बस. क्रावांगमध्ये त्याने मॅक्लिशच्या निनावी सैनिकांना गाव दिलं. त्या भागात डिसेंबर १९४७ मध्ये रावागदे गावात, १९४५ च्या स्वातंत्र्यघोषणेनंतर परत आलेल्या डच सैन्याने पुरुषांना रांगेत उभं करून मारलं होतं, इंडोनेशियन आकडा ४३१ आहे आणि २०११ मध्ये डच कोर्टानेच त्यांच्या सरकारला त्यासाठी जबाबदार धरलं. कविता त्या एकाच घटनेवर आहे असं मी म्हणत नाही, पण १९४८ मध्ये क्रावांग म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येत असेल ते उघड आहे. शिवाय त्याने सुकार्नो, हत्ता, शहरीर यांची नावं घातली, त्यांना सांभाळा असं मेलेल्यांच्या तोंडून म्हणवलं, तेव्हा ती दुसरीच कविता झाली. आजही १७ ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाला आणि १० नोव्हेंबरच्या वीर दिनाला शाळांमधून ती वाचली जाते आणि ऐकणाऱ्यांना मॅक्लिश कोण हे ठाऊकही नसतं.

खाजगी आयुष्यावर फार वेळ घालवत नाही. मीरात नावाच्या मुलीवर प्रेम होतं, तिच्या घरच्यांनी नोकरी नाही म्हणून नकार दिला, तिच्यावर 'साजाक पुतिह' सारखी फार नितळ कविता आहे. १९४६ मध्ये हापसाहशी लग्न केलं, १९४७ मध्ये मुलगी झाली, १९४८ मध्ये घटस्फोट, कारण तेच, घरात पैसे नाहीत आणि नवरा कवितेत. लोक हे रंगवून सांगतात, कलंदर म्हणतात, मला मात्र दरवेळी वाटतं की त्या घरातलं भाडं आणि तांदूळ कोण बघत असेल याबद्दल कुणी का लिहीत नाही.

त्याचे वडील तुलुस तोवर रिआऊ भागात इंद्रागिरीचे बुपाती, आपल्याकडच्या कलेक्टरसारखं पद, झाले होते. ५ जानेवारी १९४९ ला तिथल्या रेंगात शहरावर डच छत्रीधारी सैनिक उतरले आणि त्या हत्याकांडात ते मारले गेले. २८ एप्रिल १९४९ ला खाइरिल जकार्ताच्या सरकारी हॉस्पिटलात वारला, आज ज्याला चिप्तो मांगुनकुसुमो हॉस्पिटल म्हणतात तिथे. टायफस, क्षय, शरीर आतून पोखरलेलं. देशाला डचांनी मान्यता दिली ती त्याच वर्षी २७ डिसेंबरला, म्हणजे आठ महिन्यांनी. त्याला कारेतच्या कबरस्तानात पुरलं, आणि त्याच वर्षीच्या एका कवितेत त्याने लिहून ठेवलं होतं की कारेतपर्यंत, माझ्या येत्या मुक्कामापर्यंत, थंड वारा पोचतोच. यावरून भविष्यवाणी वगैरे खूप बोललं जातं. मला त्यात काही गूढ दिसत नाही, सतत आजारी माणूस, जकार्तात राहतो, कबरस्तान कुठलं ते त्याला ठाऊक असणारच. कविता म्हणून मात्र ती ओळ जबरदस्त आहे कारण कंसात घातलीय, एखाद्या अर्जात पत्ता लिहावा तशी.

जिवंतपणी त्याचं एकही पुस्तक त्याच्या हातात पडलं नाही. १९४९ मध्ये 'देरु चांपुर देबु' आणि 'करिकिल ताजाम' आले ते तो गेल्यावर, १९५० मध्ये 'तिगा मंगुआक तकदीर', त्याच्या, असरुल सानीच्या आणि रिवाई आपिनच्या एकत्र कविता. तकदीर म्हणजे आपलीच तकदीर, तिघं तकदीर फाडून उघडतायत, आणि जाता जाता सुतान तकदीर अलिशाबाना या थोरल्या पिढीच्या नेत्याला कोपरखळी. याच मंडळींचा गट होता 'गलांगांग', १९४६ मध्ये काढलेला, आणि त्यांच्या फेब्रुवारी १९५० च्या जाहीरनाम्यात म्हटलंय की आम्ही जगाच्या संस्कृतीचे कायदेशीर वारसदार आहोत आणि ती आम्ही आमच्या पद्धतीने पुढे नेणार. खाइरिल तोवर गेला होता पण ते वाक्य म्हणजे त्याचंच वाचन. इतकी वर्षं वसाहत, त्यातून सुटल्याबरोबर 'आम्ही परकं सगळं फेकतो' असं न म्हणता 'ते सगळंही आमचंच' म्हणणं, याला छाती लागते. चोरीचा आरोपही याच भूमिकेची वाईट बाजू आहे असं मला वाटतं, सगळं आपलंच समजलं की नाव द्यायचं राहून जातं.

आता प्रभाव. या तिघांचं पुढे काय झालं ते बघितलं की खाइरिलचं नाव इतकं निर्धोक का राहिलं ते कळतं. रिवाई आपिन १९५० च्या दशकात लेक्रामध्ये गेला, म्हणजे कम्युनिस्टांच्या जवळची सांस्कृतिक संघटना. असरुल सानी सिनेमात गेला आणि नहदतुल उलामा या मुस्लिम संघटनेच्या लेस्बुमी या सांस्कृतिक शाखेत आला, म्हणजे बरोबर समोरच्या बाजूला. लेक्राच्या समीक्षकांनी साठच्या दशकात खाइरिलवर टीका केली की हा व्यक्तिवादी, बूर्झ्वा, लोकांचा कवी नव्हे. मग १९६५ आलं, कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसं मारली गेली, लेक्रावर बंदी आली, रिवाई आपिन पकडला गेला, बुरु या राजकीय कैद्यांच्या बेटावर गेला आणि १९७९ मध्ये सुटला. त्याच पिढीचा थोर कवी सितोर सितुमोरांग खटल्याशिवाय अनेक वर्षं तुरुंगात. आणि खाइरिल? तो १९४९ मध्ये गेला होता, त्याला कुठली बाजू घ्यायची वेळच आली नाही. म्हणून त्यानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोच्या लष्करी राजवटीला तो शालेय पुस्तकात चालला, विरोधकांना मोर्चात चालला, भक्तांना त्याची 'दोआ' ही प्रार्थना चालली, नास्तिकांना मोकाट जनावर चाललं. मेलेला कवी सगळ्यांना सोयीचा असतो, कटू आहे पण त्याच्या कीर्तीतला निम्मा भाग मी याच खात्यावर टाकते.

उरलेला निम्मा मात्र खरोखर त्याचा. त्याच्यानंतर इंडोनेशियनमध्ये कुणालाही जुन्या गोडव्यात लिहिता आलं नाही, लिहिलं तर ते मुद्दाम केल्यासारखं दिसायला लागलं. रेंद्राने पन्नासच्या दशकात पोवाड्यासारख्या लांब कथाकविता लिहिल्या आणि पुढे हजारोंसमोर वाचायला लागला, पण बोलण्याचा श्वास कवितेत घ्यायचा हे आधी खाइरिलने केलेलं होतं. सुतार्जी काल्झुम बाखरीने १९७३ मध्ये जाहीर केलं की शब्दांना अर्थाच्या ओझ्यातून सोडवायचंय, तो मंत्रांकडे गेला, म्हणजे खाइरिल जिथून पळाला तिथे परत. समीक्षक दामी एन. तोदा म्हणाला होता की खाइरिल हा इंडोनेशियन कवितेचा उजवा डोळा तर सुतार्जी डावा. सापार्दी जोको दामोनोने त्याच्या उलट सगळं हलक्या आवाजात आणलं, पण खाइरिलची शेवटची कविता वाचा, सापार्दीची वाट तिथूनच फुटलेली दिसते. आणि विजी थुकुल, सोलोचा मजूर कवी, ज्याची 'एकच शब्द: लढा' ही ओळ सुहार्तोविरुद्धच्या मोर्चांत होती आणि जो १९९८ पासून बेपत्ता आहे, त्याचा रोखठोकपणा 'आकु' पाठ केलेल्या देशातच ऐकू येऊ शकतो.

लोकप्रिय बाजूही आहे. शूमान जायाने खाइरिलच्या आयुष्यावर लिहिलेली पटकथा 'आकु' पुस्तकरूपात आली होती, २००२ च्या 'आदा अपा दंगान चिंता?' या हायस्कूलमधल्या प्रेमाच्या सिनेमात नायक ते पुस्तक घेऊन फिरतो, झालं, अख्ख्या पिढीने ते शोधायला सुरुवात केली. त्याच्या मृत्यूचा दिवस २८ एप्रिल कविता दिन म्हणून पाळतात, काही लोक जन्माचा दिवस २६ जुलै पाळतात, आणि कुठला खरा यावर दरवर्षी वाद घालतात. मलांग शहरात त्याचा पुतळा आहे, हॉलंडमध्ये लायडनच्या एका भिंतीवर 'आकु' रंगवलेली आहे, ज्या डचांशी लढता लढता त्याची पिढी संपली त्यांच्याच गावात.

वाचायचं कसं? माझा क्रम उलटा आहे. 'आकु'पासून सुरू करू नका, तुम्हाला फक्त आरोळी ऐकू येईल. १९४६ ची 'सन्जा दी पलाबुहान कचिल' घ्या, छोट्या बंदरावरची संध्याकाळ. गोदामं, जुनी घरं, डोलकाठ्या आणि दोर, पाण्यात न गेलेल्या होड्या, रिमझिम पाऊस अंधार लवकर आणतोय, कुठेतरी घारीच्या पंखांचा आवाज, आणि प्रेम शोधायला यावेळी कुणीच आलेलं नाही. श्री आयाती नावाच्या ओळखीच्या मुलीला अर्पण केलीय पण कवितेत ती मुलगी नाहीच, फक्त बंदर आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर किंवा मालवणला पावसाळ्याच्या तोंडाशी उभं राहिलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मोठमोठाले भावनेचे शब्द जवळजवळ नाहीत, सगळं सामानावर सोडलेलं. इथे तुम्हाला कारागीर दिसेल.

मग 'चिंताकु जाउह दी पुलाउ', दूर बेटावरची माझी प्रिया, चांदणं, वारा अनुकूल, गळ्यात तिच्यासाठी नेलेली भेट आणि तरी आत माहीत आहे की आपण पोचणार नाही. मग 'दोआ', मग १९४९ ची 'दराई-दराई चमारा', सुरूच्या झाडांची सळसळ. ती नक्की वाचा. आयुष्य म्हणजे हार पुढे ढकलत राहणं, आणि काही गोष्टी न बोललेल्याच राहतात हे कळतं, शरण जाण्याआधी. आता तिची बांधणी बघा: चार-चार ओळींची कडवी, एकाआड एक यमक. म्हणजे पांतुनची चौकट! ज्याने जुनं सगळं मोडलं म्हणून शाळेत शिकवतात त्याची शेवटच्या वर्षातली सगळ्यात शांत कविता जुन्याच साच्यात बसलेली आहे, फक्त आतून पूर्ण रिकामी करून पुन्हा भरलेली. बंडाचं कौतुक करणारे या कवितेजवळ फारसे थांबत नाहीत कारण ती त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

इंग्रजीतून वाचणार असाल तर बर्टन रॅफेलचं १९७० चं संपूर्ण कवितांचं आणि गद्याचं भाषांतर आहे, उपयोगी आहे पण जागोजागी वाक्यं मोकळी करून टाकलीत, खाइरिल मोकळा करत नाही, आवळतो. त्यापेक्षा मी म्हणेन मूळ समोर ठेवा. लिपी रोमन आहे, उच्चार लिहिल्याप्रमाणे, लिंगभेद नाही, क्रियापदाला काळाची रूपं नाहीत, आणि तुमच्या ओळखीचे संस्कृत-अरबी शब्द पावलोपावली भेटतात. दोन-तीन महिने भाषा केली की बंदराची कविता शब्दकोश घेऊन वाचता येते, कवितेची लांबी बारा ओळी आहे. मोठ्याने वाचा, कारण त्याची ओळ कुठे तुटते ते डोळ्यांना कळत नाही, श्वास अडतो तेव्हा कळतं. 'गुडांग' म्हणजे गोदाम हे तर तुम्हाला सांगावंही लागणार नाही.

आणि 'क्रावांग-बकासी' वाचताना मॅक्लिशची कविताही शेजारी ठेवाच, दोन्ही पानभराच्या आहेत. कुठे घेतलंय आणि कुठे स्वतःचं घातलंय ते पेन्सिलने खूण करत जा, मग चोर म्हणायचं की कवी ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या वर्गात यावर अजून एकमत झालेलं नाही.